आमची वाटचाल: सगळ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट

सुरुवात अगदी साधी होती. एक डिझायनर, कोडिंगला मी, आणि कामं म्हणजे छोट्या धंद्यांच्या वेबसाइट्स, चार-पाच पानं, एक फॉर्म, फोटो गॅलरी, झालं. ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग माणसांनाही साइट नीट वापरता येणं, हा शब्द कोटेशनमध्ये नव्हता आणि क्लायंटही कधी विचारायचे नाहीत. आम्ही या लाइनला लागलो ते समाजसेवा म्हणून नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली 'आमची वाटचाल'मध्ये तसं लिहायची फॅशन आहे. आम्ही लागलो ते एका फॉर्ममुळे.

एका क्लायंटकडे वेबसाइटवर माणसं यायची, नोंदणीचा फॉर्म उघडायची आणि अर्ध्यात सोडून जायची. तो फॉर्म दुसऱ्या कुणी केलेला, दुरुस्तीला आमच्याकडे आला. बघितलं तर रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरात, टाइप करायला लागलं की ते गायब, मग इथे काय भरायचं होतं ते आठवत बसा. चूक झाली की रकान्याची कड लाल व्हायची, बाकी काही नाही, म्हणजे ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही त्याला काय चुकलं ते कधी कळणारच नाही. फोन नंबरमध्ये मधे जागा सोडली तरी 'चुकीचा नंबर'. आम्ही नावं रकान्याच्या वर आणली, चूक शब्दात लिहिली आणि ती त्याच रकान्याखाली, नंबरातल्या मोकळ्या जागा कोडने काढून टाकायच्या, माणसाला त्रास कशाला. अर्धवट फॉर्म कमी झाले, 'भरता येत नाही' म्हणून येणारे फोनही कमी झाले, आणि क्लायंटने पुढचं काम न विचारता दिलं.

हे सगळं नियम म्हणून आधीच लिहून ठेवलेलं आहे हे नंतर वाचनात आलं. डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था, तिचे डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, २.२ आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. भाषा रुक्ष आहे, पण एकदा वाचलंत की बरीच भांडणं मिटतात. आमच्याकडे तर डिझायनरचं आणि माझं रंगावरचं भांडण एका आकड्याने मिटलं. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर #९९९९९९ हा करडा घेतला, जो सगळ्या डिझायनर लोकांना फार आवडतो, तर येतो २.८५:१, नापास. #७६७६७६ घेतला की जेमतेम पास. आता हे डिझाइनच्या फाइलमध्येच तपासलं जातं, कोडपर्यंत येतच नाही. आणि फायदा फक्त कमी दिसणाऱ्यांना होतो असं समजू नका, उन्हात उभं राहून मोबाइल बघणाऱ्या प्रत्येकाला होतो.

मग कीबोर्ड. आमच्याकडे नियम आहे की साइट द्यायच्या आधी माऊस बाजूला ठेवायचा आणि टॅब, एंटर, स्पेस, एस्केप एवढ्यावर सगळी कामं करून दाखवायची. हात थरथरणारी माणसं, माऊस धरता न येणारी माणसं, आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे, सगळे याच वाटेने फिरतात. आणि इथे जे सापडतं ते बघण्यासारखं असतं: पॉपअप उघडतो पण बंद करायला पोचताच येत नाही, मेन्यू फक्त माऊस वर नेला तरच उघडतो, बटण दिसायला बटण पण आतून नुसता डिव्ह, म्हणजे कोडमधला साधा रिकामा डबा, त्यामुळे टॅब त्याच्यावर थांबतच नाही. एचटीएमएलमध्ये खरं बटण फुकट मिळतं, तरी लोक डिव्हला सजवून बटण का करतात हे मला आजही कळलेलं नाही. आपण आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी फोकसची चौकट 'घाण दिसते' म्हणून काढून टाकायचा आग्रह बहुतेक क्लायंट धरतात. आम्ही काढत नाही, तुमच्या ब्रँडच्या रंगात छान करून देतो म्हणतो, तिथे ते तयार होतात.

खरा फरक पडला तो अंध टेस्टर आमच्याबरोबर काम करायला लागला तेव्हा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर फुकट मिळतो, तो लावून आम्हीही तपासायचोच, पण आम्ही पान वरून खाली ऐकत बसायचो आणि तो तसं ऐकतच नाही. तो एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारतो, लिंकांची यादी काढतो, आणि त्या यादीत ओळीने 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा' आलं की हसतो. आवाजाचा वेग एवढा की आम्हाला एक शब्द लागत नाही. मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असेल तर काय गंमत होते तेही त्यानेच ऐकवलं, इंग्रजी आवाज देवनागरी गाळून टाकतो नाहीतर भलतंच काहीतरी बोलतो, आणि दुरुस्ती म्हणजे एका ओळीतली दोन अक्षरं. त्याला बाकी टेस्टरइतकेच पैसे मिळतात. 'जरा बघून सांगा ना' म्हणून अपंग माणसांकडून फुकट काम करून घेणाऱ्या कंपन्या आहेत, ते मला पटत नाही.

धंद्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठा बदल कोटेशनमध्ये झाला. सुरुवातीला ॲक्सेसिबिलिटीची ओळ वेगळी असायची, वेगळा आकडा, आणि क्लायंट घासाघीस करायला बसला की पहिली काट त्याच ओळीवर. मग ती ओळच काढून टाकली. आता ते कामातच धरलेलं असतं, जसं साइट मोबाइलवर नीट दिसणं धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कुणी विचारत नाही ना. आकडा थोडा वाढला, काही क्लायंट गेले, पण साइट पूर्ण झाल्यावर उसवून परत शिवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

एक काम मात्र आम्ही घेतच नाही. एक ओळ कोड टाका आणि साइट आपोआप ॲक्सेसिबल, असं सांगून विकले जाणारे ते ओव्हरले. कोपऱ्यात एक चिन्ह येतं, अक्षर मोठं करा, रंग बदला वगैरे. अहो ज्याला अक्षर मोठं लागतं त्याने ते स्वतःच्या ब्राउझरमध्ये आधीच केलेलं असतं. आतला डिव्ह डिव्हच राहतो, आणि कधीकधी ते स्क्रीन रीडरच्याच मधे येतं. आपोआप तपासणाऱ्या टूलांबद्दल तक्रार नाही, ती आम्ही रोज चालवतो, फक्त फोटोला ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडरने वाचायचं फोटोचं वर्णन) आहे एवढंच त्यांना कळतं, ते बरोबर आहे का हे माणसानेच वाचावं लागतं.

ऑल्टवरून आठवलं, साइट ताब्यात दिल्यावर फोटो टाकणारे क्लायंटचे लोक असतात, आणि ऑल्टचा रकाना सक्तीचा केला की ते 'फोटो', 'इमेज' किंवा नुसतं टिंब टाकून पुढे जातात. म्हणून आम्ही रकान्याशेजारी 'हा फोटो फक्त शोभेचा आहे' अशी एक चौकट दिली, तिच्यावर टिक केली की ऑल्ट रिकामा जातो आणि स्क्रीन रीडर तो फोटो सोडून देतो. त्यामुळे उरलेल्या फोटोंना निदान खरं काहीतरी लिहिलं जातं.

सध्या हातात पीडीएफची कामं जास्त आहेत. स्कॅन केलेली पत्रकं, म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोरा कागद. त्यातली बरीचशी साध्या वेबपानात बदलून टाका असंच आम्ही सुचवतो, निम्मे क्लायंट ऐकतात, बाकीच्यांच्या पीडीएफना टॅग, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद अशा स्क्रीन रीडरसाठीच्या खुणा, लावत बसलोय.