झाकली मूठ कुणापुढे उघडायची

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व मिळालेली, टेक्सासमध्ये स्थिरावलेली आणि कमरेला पिस्तूल लावायला लागलेली आपली माणसं पहिल्या महिन्यात होल्स्टरबद्दल, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाबद्दल, विचारतात. दुसऱ्या महिन्यात प्रश्न बदलतो: ‘हे सांगायचं कुणाला? घरी, शेजारी, पोलिसाला, ज्यांच्याकडे जेवायला चाललोय त्यांना?’

तुमच्याजवळ पिस्तूल आहे हे कळल्यावर ज्याच्या हातून काही वेगळं घडणार आहे, त्याला सांगा. बाकी कुणाला नाही. मित्रांना, ऑफिसात, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सांगून कुणाच्याच वागण्यात उपयोगाचा फरक पडत नाही. पडला तर इतकाच, की पुढच्या पार्टीत कुणीतरी ‘दाखव ना यार’ म्हणतो. गाडीच्या मागे पिस्तुलाच्या कंपनीचं स्टिकर लावणारे मला कळलेलेच नाहीत. शर्टाखाली झाकायचं आणि काचेवर लिहायचं! या देशात गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जाणं रोजचं आहे, आणि चोराला वाचता येतं.

पोलिसाचा हात सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावर थोडा थांबतो. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने बंदी नसलेल्या 21 वर्षांवरच्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं. पण ज्याच्याकडे लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल बाळगायचा परवाना, आहे आणि अंगावर पिस्तूलही आहे, त्याने पोलिसाने ओळखपत्र मागितल्यावर ड्रायव्हिंग लायसन्सच्या जोडीने ते लायसन्सही दाखवायचं, असं कायदा सांगतो. न दाखवल्याची शिक्षा 2009 मध्ये काढून टाकली, कर्तव्य मात्र राहिलं. मी तर म्हणतो, मागायची वाट कशाला बघता?

क्रम असा ठेवा. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं उघडी. तो खिडकीशी आला की हात न हलवता सांगायचं, ‘ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी, अँड आय ॲम कॅरीइंग.’ पाठोपाठ कुठे आहे ते सांगा, उजव्या कमरेला की डाव्या, आणि मी काय करू असं विचारून थांबा. वाक्यात ‘गन’ हा शब्द घेऊ नका. पोलिसांमध्ये तो शब्द एकमेकांना सावध करण्यासाठी ओरडतात. गाडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या जोडीदाराला तुमचं पूर्ण वाक्य ऐकू गेलं नाही आणि तेवढा एकच शब्द गेला, तर काय होईल याचा विचार करा.

चूक बहुतेकदा पाकिटाशी होते. पिस्तूल उजव्या कमरेला आणि पाकीट उजव्या मागच्या खिशात, म्हणजे लायसन्स काढायला हात नेमका पिस्तुलावरून जाणार. पाकीट डाव्या खिशात हलवा. विम्याचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि पिस्तूलही तिथेच, हीही तसलीच चूक. कागद सन व्हायझरला अडकवा. पोलिसाने पिस्तूल तात्पुरतं काढून घ्यायचं ठरवलं तर तो त्याचा अधिकार आहे. सोडताना सहसा परत देतात. पण ते त्यालाच काढू द्या. मदत म्हणूनसुद्धा हात खाली नेऊ नका.

एवढं करूनही खात्री नाही. मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या फाल्कन हाइट्समध्ये 6 जुलै 2016 रोजी फिलांडो कॅस्टील या परवानाधारकाने अडवणाऱ्या पोलिसाला शांतपणे, ‘सर’ म्हणून, आपल्याजवळ हत्यार असल्याचं सांगितलं. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत मैत्रीण होती, तिची चार वर्षांची मुलगी होती. तो पोलीस 2017 मध्ये निर्दोष सुटला. तिथल्या कायद्यानुसार, विचारल्याशिवाय सांगायची सक्तीही नव्हती. त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घ्यायचं ते एवढंच: पोलिसाने लायसन्स मागितल्यावर, ते काढायच्या वेळी हे सांगायची पाळी येऊ देऊ नका. त्याआधी सांगा, हात स्टिअरिंगवर असताना.

राज्य बदललं की नियम बदलतो. मिशिगनमध्ये अडवल्याबरोबर, न विचारता, ताबडतोब सांगावं लागतं. शेजारच्या ओहायोत जून 2022 पर्यंत तसंच होतं, आता विचारलं तर खरं सांगायचं. म्हणजे डेट्रॉइटहून कोलंबसला एका पूजेला जाताना मधेच कायदा पालटतो. न विचारता सांगायची सवय दोन्हीकडे चालते, म्हणून तीच लावून घ्या. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत मात्र टेक्सासचं लायसन्स चालतच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीकडे जाताना पिस्तूल घरी ठेवा.

मित्राच्या गाडीत बसलात आणि कमरेला पिस्तूल आहे, तर निघण्यापूर्वी त्याला सांगा. गाडी अडवली तर पोलीस प्रश्न त्याला विचारणार आहे.

आता घर. बायकोला किंवा नवऱ्याला सांगायचं का, हा प्रश्नच मला पटत नाही. सांगायचंच. पण काय सांगायचं, त्याला महत्त्व आहे. बाहेर काही विपरीत घडलं तर तिने तुमच्या मागे उभं राहायचं नाही. मुलांना घेऊन बाजूला जायचं, 911 लावायचं आणि तुमचं वर्णन द्यायचं: निळा शर्ट, चष्मा, परवानाधारक, हल्लेखोर नाही. जून 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडात एका नागरिकाने पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्यावर गोळी झाडली, आणि नंतर आलेल्या पोलिसाने हल्लेखोर समजून त्या नागरिकालाच मारलं. कोण कोण आहे हे पोलिसाला दिसत नाही, फोनवरच्या माणसाने सांगावं लागतं. संकट टळलं की पोलीस येण्याआधी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि हात रिकामे, हेही आधीच बोलून ठेवा.

आपल्या घरांत व्हिसाची एक वेगळीच अडचण आहे, आणि ती कुणी समजावून सांगत नाही. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन किंवा पाहुण्यांचा बी-टू, असल्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला पिस्तूल किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. चालू शिकारीचं लायसन्स असलं तर सूट मिळते, पण आई-बाबा काही हरणं मारायला आलेले नसतात. शिक्षा 15 वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि हत्याराचा गुन्हा म्हणजे देशाबाहेर काढायला एक स्वतंत्र कारण. ‘ताबा’ या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. नेमबाजीच्या रेंजवर अशा व्हिसावरच्या भाच्याला दोन गोळ्या मारू देणं त्यात येऊ शकतं, आणि तिजोरीचा आकडा सांगून ठेवणंही.

म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना सांगायचं ते असं: ‘कपाटातली ती छोटी तिजोरी माझी आहे, तिला हात लावायचा नाही.’ आत काय आहे ते त्यांनी विचारलं तर सांगा, लपवू नका. आकडा मात्र नाही, ‘अडीअडचणीला’ म्हणूनसुद्धा नाही. जोडीदार एच-वन-बीवर असेल तर त्यालाही हेच लागू. कमरेवरचं पिस्तूल काढलं की सरळ तिजोरीत. उशाशी नाही, आणि फ्रीजवर तर नाहीच.

मुलांना कळतंच. तुम्ही न सांगता कळतं, हीच गोची आहे. त्यांना पिस्तुलाची माहिती द्यायची गरज नाही, चार गोष्टी पाठ करून घ्या: थांब, हात लावू नकोस, तिथून निघ, मोठ्यांना सांग. मित्राच्या घरी दिसलं तरी हेच. टेक्सासमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं पिस्तूल 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. मूल खेळायला दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर ‘घरात हत्यार आहे का, कुलपात आहे का’ हे विचारायला लाजू नका. आणि कुणी तुम्हाला विचारलं तर गुळमुळीत उत्तर देऊ नका. त्या उत्तरावर ती आई मुलाला पाठवायचं की नाही ते ठरवणार आहे.

आता दुसऱ्याच्या घरी जेवण. इथे बरेच जण गप्प राहतात, कारण सांगितलं आणि यजमान ‘नको’ म्हणाले तर पंचाईत. पंचाईत खरीच आहे. दारावर ‘पिस्तूल घेऊन आत येऊ नये’ अशी नियमाप्रमाणे पाटी लावलेल्या ठिकाणी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये किमान एक इंच उंचीच्या अक्षरांची ती कलम 30.06 ची पाटी, लायसन्सवाला आत गेला तर 200 डॉलरपर्यंत दंड. पण तोंडी ‘नको’ म्हटल्यावरही तिथून हलला नाही तर गुन्ह्याची पायरी चढते आणि तुरुंगही होऊ शकतो. माझं मत सरळ आहे. ज्या घरात लहान मुलं तुमच्या अंगावर चढणार आहेत, तिथे पिस्तूल न्यायचंच नाही. मग सांगायचा प्रश्न राहत नाही. गाडीत ठेवून जाणं हा उपाय वाटतो, पण सीटखाली सरकवलेलं पिस्तूल म्हणजे चोराला दिलेलं वाण. नाइलाजच असेल तर गाडीच्या सांगाड्याला वायरदोराने जखडलेली पोलादी पेटी हवी, आणि पिस्तूल तिच्यात ठेवताना कुणी बघत नाहीये ना, ते बघायला हवं.

मंडळाचा गणपती बऱ्याचदा शाळेच्या सभागृहात बसतो. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं टेक्सासमध्ये 2 ते 10 वर्षांचा गुन्हा आहे. सुट्टी आहे, आरती चालू आहे, या सबबी चालत नाहीत.

आणि न सांगताही कळायच्या जागा. कमरेच्या मागच्या बाजूला, बेंबी म्हणजे घड्याळातले बारा धरले तर चार वाजण्याच्या जागी होल्स्टर असेल आणि तुम्ही कंबरेतून वाकून कुणाच्या पाया पडलात, की पिस्तुलाची मूठ कुडत्यातून वर येते. मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसते. गुडघ्यात वाका. मिठी मारताना आपले कोपर खाली ठेवा, म्हणजे समोरच्याचे हात वर जातात. शौचालयात पँट खाली करताना पट्टा मोकळा पडून होल्स्टर शेजारच्या कप्प्यातून दिसतं. पिस्तूल काढून टाकीवर ठेवू नका, नक्की विसराल. कुणाच्या लक्षात आलंच तर ‘हो, परवाना आहे’ एवढं हळू आवाजात, आणि विषय बदला. शर्ट वर करून दाखवणं नको. भांडणात तर मुळीच नको, तो धमकीचा गुन्हा होऊ शकतो.

दवाखान्यात मात्र मोकळेपणाने सांगा. चक्कर येऊन ॲम्ब्युलन्समध्ये असाल तर कपडे कापणाऱ्याला आधी कळलं पाहिजे: पिस्तूल कुठे आहे, भरलेलं आहे, होल्स्टरमधून बाहेर न काढता होल्स्टरसकट पट्ट्यावरून काढा. होल्स्टरमध्ये चाप झाकलेला असतो, बाहेर ओढताना बोट त्यावर जाऊ शकतं. एमआरआयच्या खोलीचं तर विचारूच नका. जानेवारी 2023 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत एक वकील आईला घेऊन एमआरआयला गेले. कमरेचं पिस्तूल त्यांनी सांगितलं नाही. चुंबकाने ते ओढलं, गोळी पोटात लागली, आणि फेब्रुवारीत ते गेले. यंत्रावर रुग्ण नसला तरी त्यातलं चुंबक चालूच असतं, आणि रुग्णाबरोबर आत जाणाऱ्याचीही तपासणी असते ती याचसाठी. फॉर्मवर सही करून भागत नाही, तोंडाने सांगा.

विमानतळावर 2023 मध्ये अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत 6,737 हत्यारं सापडली, बहुतेक भरलेली. ‘विसरलो’ हेच उत्तर जवळजवळ सगळ्यांचं. देशांतर्गत प्रवासात रिकामं पिस्तूल कुलूप लावलेल्या कडक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर ‘आय वुड लाइक टू डिक्लेअर अॅन अनलोडेड फायरआर्म’ असं सांगून. तिथे न सांगणं हाच गुन्हा.

भारतात नेण्याचा विचारही नको. पण पिस्तूल न नेताही माणसं अडकतात ती एका काडतुसापायी. जी पाठपिशवी रेंजवर नेता तीच मुंबईला नेलीत, आणि अस्तराच्या फटीत एक काडतूस राहिलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. नकळत राहिलं असेल तर कोर्टं पुढे असे खटले रद्द करतात, पण तोवर सुट्टी, परतीचं तिकीट आणि वकिलाचे पैसे गेलेले असतात. रेंजची पिशवी वेगळी ठेवा. तरी निघायच्या आदल्या रात्री नेणार ती पिशवी उलटी करा, प्रत्येक चेन उघडा, शिवणींवरून बोटं फिरवा, आणि बाटली ठेवायच्या जाळीच्या खिशाच्या तळाशी हात घालून बघा.