कागदांचं वाळवण

त्या रविवारी मला खरं तर फारसं काम नव्हतं. पुण्याजवळच्या एका कारखान्यातली पाच माणसं प्रशिक्षणासाठी जपानमधल्या फुकुओकाला आली होती आणि मी त्यांची दुभाषी होते. आठवडाभर डाय, टॉलरन्स, तपासणीचे तक्ते यांचं भाषांतर करून जीभ थकली होती. सुट्टीच्या दिवशी यजमानांनी हिरादो बेट दाखवायचं ठरवलं. तिथे मात्सुरा घराण्याचं एक छोटं संग्रहालय आहे, तेवढं बघायचं, जेवायचं आणि परत यायचं.

तरीही आदल्या रात्री मी दोन तास वाचत बसले. कारखान्यात शब्द अडला तर यंत्राकडे बोट दाखवता येतं. संग्रहालयात काचेपलीकडच्या वस्तूबद्दल चुकीचा शब्द गेला, तर ऐकणाऱ्याच्या मनात ती वस्तूच वेगळी होऊन बसते.

फुकुओकाहून गाडीने दोन-अडीच तास. 1977 साली बांधलेला लाल झुलता पूल ओलांडला की हिरादो. बंदराच्या वर उंच दगडी तटबंदी, तिथे चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि माथ्यावर लाकडी वाडा. मी 'वाडा' म्हणाले आणि सगळ्यांना लगेच पटलं. 1871 मध्ये सरंजामी संस्थानं खालसा झाली, त्यानंतर 1893 साली मात्सुरांनी हे घर राहण्यासाठी बांधलं. 1955 मध्ये घर आणि आतल्या वस्तू घराण्याने देऊन टाकल्या आणि त्याचं संग्रहालय झालं. त्यामुळे आत शिरताना कुणाच्या तरी ओसरीवर आल्यासारखं वाटतं.

मात्सुरा हे इथले 'दाइम्यो', म्हणजे आपल्या मुलखावर सत्ता चालवणारे सरंजामी प्रमुख. त्याला मराठीत काय म्हणायचं, हा पहिला पेच. सरदार म्हटलं तर दरबारातला माणूस डोळ्यांपुढे येतो, जहागीरदार म्हटलं तर अधिकार कमी वाटतो. मी 'संस्थानिक' वर थांबले. मग त्यांचं उत्पन्न. ते पैशात नाही, कोकुत मोजत. एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, सुमारे दीडशे किलो. हिरादो साठ-एक हजार कोकुंचं. "म्हणजे साठ हजार माणसांचं पोट," आमच्यातले साताऱ्याकडचे काका म्हणाले. ते टूलरूमचे सुपरवायझर, आकडा ऐकला की आधी त्याचा अर्थ लावणारे. माझ्या भाषांतरापेक्षा त्यांचं वाक्य चांगलं होतं, पुढे मी तेच वापरलं.

चिलखतं आणि तलवारी पाहायला सगळ्यांना आवडलं. मला तिथे सांगण्यासारखं कमी होतं. डच बनावटीचे दोन गोल होते, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. त्यांच्यापाशी मात्र बराच वेळ गेला. 1609 पासून डचांची वखार या बंदरात होती. 1639 साली त्यांनी इथे मोठं दगडी गोदाम बांधलं आणि दर्शनी भागावर ख्रिस्ती सनाचं साल कोरलं. तेवढ्या कारणावरून शोगुनच्या, म्हणजे तेव्हा देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने पुढच्या वर्षी ते पाडायला लावलं आणि 1641 मध्ये डचांना नागासाकीच्या देजिमा बेटावर हलवलं. हिरादोच्या व्यापाराचा कणाच मोडला. चार आकड्यांपायी एक बंदर ओस पडतं, हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण शेजारच्या जपानी आजीबाई वळून बघू लागल्या.

याच घराण्यातल्या सेइझान या संस्थानिकाची आठवण तिथे जागोजागी आहे. गादी सोडल्यावर, 1821 साली एका रात्री, तो लिहायला बसला. आपल्याकडे साठ संवत्सरांचं चक्र आहे, तसं त्यांच्याकडे दिवसांचंही साठाचं चक्र असतं. ती रात्र त्या चक्रातली पहिली, 'काश्शी', म्हणून लेखनाचं नाव 'काश्शी यावा', म्हणजे काश्शीच्या रात्रीच्या गोष्टी. ऐकलेलं, पाहिलेलं, अफवा, भुतंखेतं, दरबारातली कुजबुज, सगळं तो 1841 मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. एकूण 278 खंड. त्याची एक मुलगी क्योतोच्या दरबारी घराण्यात दिली होती. सम्राट मेइजी हा त्या मुलीच्या मुलीचा मुलगा.

मग आम्ही एका कागदापाशी आलो. त्याच्याविषयी मी रात्री वाचलं होतं. 1587 चा, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने ख्रिस्ती पाद्र्यांना देशाबाहेर घालवण्यासाठी काढलेला हुकूम. "तेव्हा आपल्याकडे कोण?" कुणीतरी विचारलं. शहाजीराजांचाही जन्म व्हायचा होता, मी म्हणाले.

"ताई, काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना," काका म्हणाले.

मी कागदाकडे पाहिलं. वीस वर्षं जपानी शिकवते, बोलते, भाषांतरं करते. त्या कागदावरची पाच-सहा अक्षरं सोडली तर मला काही लागत नव्हतं. जुनं जपानी हस्ताक्षर एका झोताने लिहिलेलं असतं, अक्षर अक्षरात मिसळतं, एकाच ध्वनीला अनेक वळणं. 1900 साली शाळांसाठी प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर ठरलं आणि ती जुनी वळणं मागे पडली. आज बहुतेक जपानी माणसांनाही ते वाचता येत नाही.

"मला हे वाचता येत नाही," मी म्हणाले. "छापील मजकूर मी वाचलाय, तो सांगते. पण हा कागद मी वाचू शकत नाही."

"मोडीसारखं?"

"अगदी मोडीसारखं."

काका गप्प झाले. तेवढ्यात संग्रहालयातल्या एक बाई जवळ आल्या. साठीच्या असाव्यात. मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्यांनी काचेला न लावता हवेत बोट धरलं आणि उजवीकडून एकेक ओळ वरून खाली वाचायला सुरुवात केली. सावकाश, देवापुढे पोथी वाचावी तशा. मी एकेका कलमामागून मराठी करत गेले. जपान हा देवांचा देश आहे, ख्रिस्ती देशांतून इथे खोटा धर्म येणं मुळीच योग्य नाही. पाद्र्यांनी वीस दिवसांच्या आत निघून जावं. पण काळी जहाजं, म्हणजे पोर्तुगीजांची, व्यापाराची, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी येत राहावं. हा हुकूम निघाला हाकाताजवळून, म्हणजे ज्या शहरातून आम्ही सकाळी निघालो होतो तिथून.

फोंड्याचा एक तरुण इंजिनियर आमच्यात होता. सेंट झेवियर 1550 मध्ये हिरादोला येऊन गेला होता, हे त्याला मी सकाळी गाडीत सांगितलं होतं. ज्याचा देह जुन्या गोव्यात लहानपणापासून पाहिला, त्याच्यामागून आलेल्यांना हाकलणारा हुकूम त्याच्यासमोर होता. तो काही बोलला नाही. पुन्हा जाऊन एकदा पाहून आला.

आवारातच गवताने शाकारलेलं चहाघर आहे, कानउनतेई. मात्सुरांच्या चौथ्या संस्थानिकाने चहाची स्वतःची परंपरा सुरू केली, ती घराण्यात आजही चालू आहे. चहाबरोबर हिरादोची मिठाई येते. 1841 पासून चार वर्षं खपून हिरोमु नावाच्या संस्थानिकाने शंभर मिठायांची चित्रं आणि कृती लिहून ठेवल्या होत्या. ज्या घराण्याने तलवारी जपल्या त्याने पाककृतीही तितक्याच मायेने जपल्या, याचं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं. अंडं न खाणारे दोघे होते, त्यांच्यासाठी मी आधीच फोन करून वेगळी मिठाई सांगितली होती. बाकीच्यांना कासुदोसु मिळालं. स्पंजसारख्या केकचा तुकडा अंड्याच्या बलकात बुडवायचा, उकळत्या पाकात सोडायचा आणि साखरेत घोळवायचा. मूळ पोर्तुगीजांचं. फोंड्याच्या मुलाने एक घास घेतला आणि म्हणाला, "आमच्या बेबिंकेचा वास."

काका मात्र चहा हातात धरून अजून त्या कागदातच होते. हुकूम वाचून दाखवणाऱ्या बाई आम्हाला सोडायला चहाघरापर्यंत आल्या होत्या. काकांनी मला विचारायला सांगितलं, की हे वाचायला त्या कुठे शिकल्या आणि एवढे जुने कागद टिकतात कसे.

गावातले काही जण मिळून जुनी कागदपत्रं वाचायला बसतात, त्यांच्यात शिकले, बाई म्हणाल्या. टिकण्याचं म्हणाल तर, आता संग्रहालयात यंत्रं आहेत. पण जुन्या घरांत 'मुशिबोशी' करायचे. पावसाळा उलटला की कोरड्या हवेचे दिवस बघून पेट्यांतले कागद, पुस्तकं, कपडे बाहेर काढायचे आणि सावलीत वारा द्यायचा.

'मुशिबोशी'. मुशी म्हणजे कीड, बोशी म्हणजे वाळवणं. कीड लागू नये म्हणून सुकवणं, असं मी म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "कागदांचं वाळवण, काका. पण सावलीतलं."

वाळवण म्हटल्यावर त्यांना गच्चीवरचे पापड आठवले असणार. ते हसले. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरी माळ्यावर एक रुमाल आहे. लाल फडक्यात बांधलेला. पणजोबांच्या वेळचे कागद, सगळे मोडी. गाठ कुणी सोडलेली मला आठवत नाही. आई म्हणते, राहू दे, वाचणार कोण."

मी बाईंना हे सांगितलं. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, गाठ हळू सोडायला सांगा. घडी चिकटली असेल तर ओढू नका. पेन जवळ नको. कोणता कागद कोणावर होता तो क्रम मोडू नका, क्रमातूनही बरंच कळतं. मी एकेक सूचना मराठीत सांगितली आणि काकांनी ती आपल्या प्रशिक्षणाच्या वहीत, डायच्या मापांखाली, लिहून घेतली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. गाडीत बाकीचे झोपले. जपानात साडेसहा म्हणजे घरी दुपारचे तीन. ऑक्टोबर सरत आला होता, तिकडे पाऊस संपला होता. पुढच्या सीटवरून काकांचा दबका आवाज येत होता.

"आई, तू चढू नको माळ्यावर. शेजारच्या पोराला सांग. खाली काढायचा आणि नुसता ठेवायचा, सोडायचा नाही, मी आल्यावर सोडू. आणि ऐक, उन्हात नको. ओसरीत, सावलीला."