अंगठा वर केला की वर जायचं

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जायचं, त्याच्या आधी एक मेडिकल फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, हार्टचा काही त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. मी सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि सही करताना वाटलं, अरे, पाण्याची भीती वाटते का हे तर कुणी विचारलंच नाही. मग मीच सांगितलं. इन्स्ट्रक्टर तसा लहानच होता, पंचविशीचा असेल. शांतपणे म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आपण सावकाश जाऊ.

नऊ वर्षांची असताना पोहायला शिकवणाऱ्यांनी मला टँकच्या खोल बाजूला ढकललं होतं, पाण्यात पडलं की हातपाय आपोआप हलतात म्हणून. माझे नाही हलले. काही सेकंदांतच कुणीतरी बाहेर काढलं, पण त्यानंतर 34 वर्षं मी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेले नाही. भीती घालवायला माणसाला ढकलून द्यायचं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. म्हणून या वेळी सोबत कुणालाच घेतलं नाही. पाण्यात जायचं तर माझं मी ठरवून जायचं होतं.

तर अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचं हॅवलॉक. श्री विजयपुरमहून, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, बोटीने जातात. बोटीतला सगळा वेळ मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे समुद्र कसा दिसत होता ते सांगता येणार नाही.

सकाळी नेमो रीफ नावाच्या तिथल्या प्रवाळाच्या जागी आधी छातीएवढ्या पाण्यात प्रॅक्टिस. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं साधन, दातांत धरून फक्त तोंडानेच श्वास घ्यायचा. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड दाबून नाकातून जोरात फुंकायचं. कान दडले की नाक दाबून हळूच फुंकर मारायची, आणि दुखायला लागायची वाट न बघता आधीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास कधीच रोखून धरायचा नाही, कारण वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते. आणि खुणा. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला की ठीक आहे. नुसता अंगठा वर केला की मला वर न्या.

पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा दोनच मीटर गेलो असू. स्वतःच्या श्वासाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो म्हणून तो कुठून येतोय ते कळत नाही, सगळीकडून कुणीतरी धापा टाकतंय असंच वाटत राहतं. छाती आवळली, हवा पुरेना, टाकी भरलेली होती तरी पुरेना. मी अंगठा वर केला. आणि लगेच, एकही प्रश्न न विचारता, आम्ही वर.

मला वाटलं आता समजूत काढणार, अजून एकदा ट्राय करा वगैरे. तो म्हणाला, मॅडम, बरोबर केलंत, परत वाटलं तर परत करा. आणि गप्प बसला. मला रडू आलं. नऊ वर्षांच्या मला हा अंगठा कुणी दिलाच नव्हता ना.

मग त्याने एक सांगितलं, घाबरलं की आपण घाईघाईने वरवरचे श्वास घेतो, आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यानेच हवा कमी पडतेय असं वाटतं, तेव्हा घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, लांब सोडा. पंधरा मिनिटांनी मीच म्हटलं चला.

दुसऱ्यांदाही भीती होतीच, काही गेली नव्हती. पण हात मोकळा होता, अंगठा माझा होता, आणि तो कधीही वर करता येतो हे एकदा करून बघितलेलं होतं. सोडलेला प्रत्येक श्वास मोजत होते. तीन मीटर, कान. पाच मीटर, परत कान. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो म्हणतात, आम्ही आठपर्यंत गेलो. तिथे माझ्या नखांचं लालभडक नेलपॉलिश मातकट दिसायला लागलं, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. मी स्वतःचीच बोटं बघत बसले. समोर ॲनिमोन नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या विषारी हातांमध्ये क्लाउनफिश आतबाहेर करत होते, त्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्यांना ते डंख लागत नाहीत. केवढासा तो मासा, माझ्या मास्ककडे चाल करून यायचा आणि परत पळायचा, परत यायचा. किती वेळ बघितलं माहीत नाही. कुठेतरी मोजणं सुटलं होतं.

इन्स्ट्रक्टरने खुणेने विचारलं, ठीक? मी गोल केला.

डाईव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तो दिवस तिथेच होते. संध्याकाळी एकटीच किनाऱ्यावर गेले. मास्क नाही, टाकी नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, डोळे मिटले आणि चेहरा पाण्यात घातला. हळूहळू बुडबुडे सोडत अकरापर्यंत मोजलं आणि वर आले.

मग परत घातला.