जुळलेला आकडा

उपग्रहाचा नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा समुद्रावर कितपत खरा ठरतो, ते आम्ही जहाजावरून मोजून पडताळत होतो. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जाणार, म्हणून एकपासूनच मी डेकवर होते. खाऱ्या तुषारांनी मॅक्स-डोआस या आमच्या मापन-उपकरणाच्या दुर्बिणीची काच सारखी धुरकटते; ती डिस्टिल्ड पाण्याने पुसून घेतली. ही दुर्बीण क्षितिजापासून टप्प्याटप्प्याने थेट माथ्यापर्यंत बघते आणि वाटेत नायट्रोजन डायऑक्साइडने किती सूर्यप्रकाश शोषला ते टिपते.

संध्याकाळी सेंटिनेल-५पी या उपग्रहावरच्या ट्रोपोमी या उपकरणाची फाइल उतरली. आमच्या ठिकाणच्या पिक्सेलचा, म्हणजे उपग्रहाच्या नकाशातल्या एका चौकोनाचा, आकडा आणि आमचा आकडा जवळजवळ एकच! आठवडाभर दोघांचा मेळ बसत नव्हता. सगळे खूश झाले, मीही.

झोपण्याआधी सवयीने जहाजाभोवतीच्या हवेतल्या ओझोनचा आलेख उघडला. दीडच्या जरा आधी रेघ कोसळली होती, पार तळाशी. मोकळ्या समुद्रावर ओझोन असा मिनिटांत नाहीसा होत नाही. जहाजाच्या चिमणीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड मात्र त्याला गिळतो, आणि त्यातूनच नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. पोटात गोळा आला. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, वाऱ्याच्या नोंदी काढल्या. सव्वापासून वारा मागून, वेग जवळपास जहाजाइतकाच. आमचाच धूर आमच्या सोबतीने चालला होता आणि दुर्बीण त्यातूनच आकाश बघत होती. पिक्सेल ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, त्याच्या सरासरीत आमच्या धुराची बारीक पट्टी ती कितीशी? आकडे जुळले ते निव्वळ योगायोगाने.

सकाळी कॅप्टनना गाठलं. "उपग्रह जाईपर्यंत जहाज वाऱ्याला तोंड करून धरता येईल का?" त्यांनी वेळापत्रक पाहिलं. "पंचवीस मिनिटं देतो. त्यापुढे नाही."

त्या पंचवीस मिनिटांत मी ओझोनच्या रेघेवरून नजर हलवली नाही. ती सपाट राहिली, म्हणजे आमचा धूर आडवा आला नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जहाजांचा वर्दळीचा मार्ग होता. आमचा आकडा उपग्रहाच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला. काळ्याभोर समुद्रावर पाण्यालगतचा वायू उपग्रहाला कमीच दिसतो. ती उणीव भरून काढायला वायू कोणत्या उंचीवर किती आहे ते संगणकीय मॉडेलवरून धरतात, आणि त्या मॉडेलची चौकट एक अंश बाय एक अंशाची, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरची. इतक्या मोठ्या चौकटीत जहाजांच्या वाटेवरचा वायूचा अरुंद पट्टा पसरून विरळ होतो. मोजायला आलो होतो ते नेमकं हेच.

आदल्या दिवशीचा बिंदू मी यादीतून काढला, कारण लिहिलं आणि ओझोनचा आलेख सोबत जोडला. एका सहकाऱ्याने विचारलं, "एकुलता एक जुळलेला होता, तोच काढतेस?" मी हो म्हटलं आणि त्या जागी आजचा, न जुळणारा बिंदू भरला.