चाळीसात अवैध काय आहे?

मामाचं टॉवेलचं युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. तिथं लेबलं छापायला मी एक छोटं ओपन सोर्स टूल बसवून दिलंय. सी ह्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, कमांड लाइनवर म्हणजे हुकूम टाइप करून चालणारं, त्याला सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याची फाइल द्यायची, एका पानावर किती लेबलं ते सांगायचं, पीडीएफ तयार. दिवसा मी जुळे सोलापुरातल्या घरातून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो आणि रात्री ह्या टूलला पॅच, म्हणजे कोडच्या दुरुस्त्या, देतो, चार वर्षं झाली. आता कमिटचा, म्हणजे थेट मूळ कोडमध्ये बदल करायचा, अधिकारपण आहे, पैसे मात्र शून्य. मामाचं म्हणणं, "फुकट करायलास म्हणजे कोणतरी गंडवायलंय बे तुला."

मे महिना, शुक्रवार, त्यात पाणी यायचा दिवस म्हणून पहाटेपासून जागा. अकराला मामाचा फोन. लेबल निघंना झालेत, बाराशे टॉवेलचा माल पडलाय, चारला गाडी जाणार. पाठोपाठ हिशोब बघणाऱ्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आडवा फोटो टाकला, काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, कोअर डम्प्ड.

ही ओळ म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे दशांशातले आकडे, आणि त्या टूलच्या त्या भागात दशांश चिन्हाचा पत्ताच नाही, सगळे पूर्णांक. पण आपल्या नेहमीच्या इंटेल एएमडी प्रोसेसरवर पूर्णांकाला शून्यानं भागलं की लिनक्स प्रोग्रामला जो सिग्नल पाठवतो त्याचं जुनं नावच एसआयजीएफपीई, आणि शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, तेच नाव वाचून दाखवतं. नवीन पोरं हा मेसेज बघून फ्लोट आणि डबल हे दशांशाचे प्रकार शोधत बसतात, मीपण कधीकाळी बसलोय. एग्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपल्यावर मिळणारा आकडा, १३६ दिसला की १२८ वजा करायचे, ८ उरतात, तोच हा सिग्नल. सेगफॉल्टचा, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा, १३९, म्हणजे सिग्नल ११. हे पाठच झालंय आता.

म्हणजे कुठंतरी शून्य आलंय एवढं कळलं. काकांना विचारलं, पानावर किती लेबलं टाकली? "चाळीस. रोजचेच." मी घरी त्यांचीच फाइल घेऊन ४० टाकून चालवलं, तीस पानं व्यवस्थित आली. टूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या मेंटेनरला चॅटवर विचारलं तर तो म्हणे माझ्याकडं शून्य टाकलं तरी क्रॅश होत नाही, कोरी पीडीएफ येते. त्याचा नवीन मॅक, एआरएम प्रोसेसर, त्यावर पूर्णांकाला शून्यानं भागलं की सिग्नलबिग्नल काही येत नाही, उत्तर शून्य मिळतं आणि गाडी पुढं. आता सांगा, ह्यात कुणाचं मशीन बरं, मरून पडणारं की कोरी पानं देणारं? माझं मत मरणाऱ्याच्या बाजूनं आहे पण ते मामाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी तोंडाला रुमाल बांधून गाडी काढली. ४३ डिग्रीत एमआयडीसीत पोचलो, आत लूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही. काकांना म्हणलं, टाका माझ्यासमोर. त्यांनी टाकलं आणि स्क्रीनवर उमटलं ४०. इथं तुम्हाला काही वेगळं दिसणार नाही कारण मी सगळे आकडे मराठीतच लिहायलोय, आणि तोच घोटाळा होता. सकाळी त्यांनी कामगारांसाठी सुट्टीची नोटीस मराठीत टाइप केलेली, कीबोर्ड तसाच मराठीवर राहिलेला. जुना लॅपटॉप, बाजूला वेगळे नंबरपॅड नाही. रोज इंग्रजी ४० जायचं, आज मराठी ४० गेलं.

माणसाला ते दोन आकडे, टूलला सहा बाइट. देवनागरीतला प्रत्येक आकडा यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतो आणि पहिला बाइट २२४. कोडमध्ये होतं एटूआय, अक्षरांतून आकडा वाचणारं, सी मधलं सगळ्यात आळशी फंक्शन. त्याला पहिलंच अक्षर आकडा वाटलं नाही की ते शून्य देतं, आणि खरोखर ० टाकला तरी शून्यच देतं, दोन्हीतला फरक विचारायची सोयच नाही. मग बाराशे भागिले शून्य. कीबोर्ड बदलला, लेबलं निघाली, गाडी गेली. मामानं चहा पाजला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी आलास होय."

रात्री झोप येईना. एक शून्याचा चेक टाकून विषय संपवता आला असता, बरेच जण तेच करतात आणि कमिटला "फिक्स क्रॅश" नाव देऊन मोकळे होतात. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक ऑप्शनला वाकडंतिकडं इनपुट मारणारी: रिकामी स्ट्रिंग, अबक, वजा एक, मागं एक्स लावलेला पाच, वीस अंकी आकडा, मराठी पाच, आणि ऑप्शन देऊन पुढं काहीच न देणं. एका टूलमध्ये चार वेगवेगळे क्रॅश निघाले. लाज वाटली, चार वर्षं मी ह्याच कोडमध्ये फिरतोय.

त्यातला लेबलच्या मापाचा सांगतो. माप ५०x३० असं द्यायचं. कोड काय करायचा, मधला एक्स शोधायचा, त्याच्या पुढच्या अक्षरापासून उंची वाचायचा. आता आपल्याकडं निम्मे लोक गुणिले म्हणून स्टार टाकतात. एक्स सापडला नाही की शोधणारं फंक्शन नल, म्हणजे पत्ता शून्य, देतं, त्यात एक मिळवला की पत्ता १, आणि तिथून आकडा वाचायला गेलं की सेगफॉल्ट. जीडीबी ह्या चूक शोधायच्या टूलमध्ये बघितलं तर सगळ्यात वरती नाव दिसतं लिबसीच्या, म्हणजे सी च्या तयार लायब्ररीच्या, आतल्या फंक्शनचं. नवखा माणूस म्हणणार लिबसीच बिघडली. बिघडली नाही, तिला पत्ताच गटारीचा दिलाय.

आणि काकांना टूल चालवायला मी जी स्क्रिप्ट लिहून दिलेली, तिच्यातला माझा स्वतःचा गाढवपणा वेगळाच. आकडा व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढं देताना मी अवतरण चिन्हं घातलीच नव्हती. काकांनी नुसतं एंटर दाबलं की ते व्हेरिएबल जागेवरनं गायब व्हायचं, मग टूल पुढच्या ऑप्शनलाच आकडा समजायचं आणि मापाला फाइलचं नाव. परत शून्य, परत तेच फ्लोटिंग पॉइंट. म्हणजे हे आधीपण झालं असणार आणि काकांनी गुपचूप परत चालवलं असणार. लोक सांगत नाहीत.

एटूआय सगळीकडून काढलं, तेच काम करणारं पण चूक सांगणारं स्ट्रटोल घातलं. ते नीट वापरायचं म्हणजे आधी एररनो, म्हणजे चूक नोंदवणारा आकडा, शून्य करायचा, मग वाचायचं, मग बघायचं की वाचन कुठं थांबलं ते दाखवणारा पॉइंटर हलला का, हलला नसेल तर आकडाच नव्हता, हलला पण स्ट्रिंगच्या शेवटाला पोचला नसेल तर मागं कचरा आहे, एररनो भरला असेल तर आकडा मावत नाही, आणि हे सगळं पास झालं तरी आपली हद्द तपासायची, पानावर १ ते ५०० लेबलं. एका आकड्यासाठी वीस ओळी. त्या वीस ओळींचा मला जाम अभिमान आहे.

दुसऱ्या मेंटेनरचा शेरा आला, चुकीचं इनपुट ही वापरणाऱ्याची चूक, एवढा कोड कशाला? हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सुडो, म्हणजे लिनक्सवर रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकारानं कमांड चालवणारं टूल, त्यात शेवटी एकटा बॅकस्लॅश दिला की मेमरी फाटायची आणि त्यातून साधा युजर रूट व्हायचा. ते भोक २०११ पासून होतं, बाहेर आलं २०२१ च्या जानेवारीत. तसंच काम करणाऱ्या पीकेएक्झेकचं त्याहून भारी, त्याला आर्ग्युमेंटची, म्हणजे कमांडसोबत जाणाऱ्या शब्दांची, यादीच रिकामी दिली, म्हणजे प्रोग्रामचं नावसुद्धा नाही, की ते यादीच्या पलीकडं वाचायचं. २००९ पासून तसंच, उघड झालं २०२२ च्या जानेवारीत. त्यानंतर लिनक्स कर्नलनंच ५.१८ पासून रिकाम्या यादीत एक रिकामी स्ट्रिंग घालायला सुरुवात केली. आमचं टूल रूटनं चालत नाही हे मान्य, पण सवय तीच ना. शेवटी त्यानं पॅच घेतला.

सोमवारी नवीन व्हर्जन काकांच्या लॅपटॉपवर टाकलं. एरर मेसेजचं मराठी भाषांतर मीच केलेलं, तेवढीच हौस. मुद्दाम मराठी ४० टाकून दाखवलं. क्रॅश नाही, स्वच्छ ओळ आली: अवैध संख्या: ४०.

काकांनी चष्मा वर केला. "अवैध म्हणजे? पेपरात असतंय ते अवैध दारू, अवैध वाळू, तसलं?"

"नाही ओ काका, म्हणजे चुकीचा आकडा."

"चुकीचा कसा? चाळीसच पाहिजेत की. चाळीसात अवैध काय आहे?"

मला खरंच उत्तर देता आलं नाही. क्रॅश झाला तेव्हा निदान चूक टूलची होती. आता टूल शहाणं झालं आणि चूक काकांच्या माथी आली, तीपण मराठीत, माझ्याच हातानं.

तिथंच बसून म्हणलं स्क्रिप्टमध्ये मराठी आकडे इंग्रजी करून घेऊ, टीआर ह्या अक्षरं बदलणाऱ्या कमांडची एक ओळ. चालवलं तर टूल म्हणतंय संख्या मर्यादेबाहेर: ९९९९९२. दोन मिनिटं बघतच राहिलो. आमच्या उबुंटूवरचं टीआर अक्षरं नाही, बाइट बदलतं, त्यामुळं ४ चे तीन बाइट झाले ९९९ आणि ० चे ९९२. पाचशेची हद्द घातली नसती तर पानावर जवळपास दहा लाख लेबलं बसवायला निघालं असतं. मग सेड ह्या मजकूर बदलणाऱ्या टूलची वाय कमांड वापरली, ती अक्षरं बघते, काम झालं. काकांचं चालू आहे, मराठी टाका नाहीतर इंग्रजी.

पण ते फक्त काकांच्या लॅपटॉपवर. टूलमध्येच देवनागरी आकडे चालावेत म्हणून मी दुसरा पॅच टाकलाय, मेसेजपण बदलला, "हा आकडा वाचता आला नाही". त्यावर त्याच मेंटेनरनं विचारलं, देवनागरी घेतली तर बंगाली का नाही? आणि बंगाली ४ हुबेहूब इंग्रजी ८ सारखा दिसतो, कुणी मिसळून टाकला तर स्क्रीनवर दिसणार एक आणि छापलं जाणार दुसरंच, त्यापेक्षा नकार दिलेला काय वाईट? मुद्दा खरा आहे, बंगाली ४ तसाच दिसतो, मी मोठा करून बघितला. एकाच लिपीचे आकडे असले तरच घ्यायचे, मिसळ चालणार नाही असं उत्तर लिहायला घेतलं, मग आठवलं की काका मध्येच कीबोर्ड बदलतात आणि अर्धा आकडा मराठी, अर्धा इंग्रजी टाकतात, सेडमुळं तेपण चालतंय आता. पॅच तसाच उघडा आहे.