पंधरा गुंठे

कानबाई हा आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, आमच्या कॉम्प्युटरने अपडेट घेतलं. मी घे म्हटलं नव्हतं. 'बंद करू नका' अशी तंबी पडद्यावर देऊन तो गोल गोल फिरत बसला. आमच्या अमळनेरला श्रावणात दोन सरी जोरात आल्या की विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे वीस मिनिटं माझं लक्ष पडद्यावर कमी आणि डोक्यावरच्या पंख्याकडे जास्त. वीज गेली नाही. विघ्न दुसऱ्याच वाटेने आलं.

सकाळी पडदा उजळला, तर माझा बाप जाड झालेला.

आमच्या डेस्कटॉपवर पोळ्याचा फोटो आहे. मध्ये आबा, दोन्ही हातांत दोन कासरे, उजवीकडे अंगाला खेटून पवळ्या आणि डावीकडे जरा फटकून चांद्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आबांच्या टोपीवर गुलाल. आबा हयातभर काटकुळे. शर्ट खुंटीला टांगला काय आणि त्यांनी घातला काय, सारखाच दिसायचा. आता त्यांचे गाल वर आलेले, खांदे पैलवानासारखे, आणि पवळ्याची तर म्हैस झालेली. चांद्या जवळजवळ गायबच. डाव्या कडेला एक शिंग आणि घुंगरमाळेचा तुकडा तेवढा शिल्लक.

माय कणीक मळता मळता दारात आली, बघून म्हणाली, "तुना बाप इतला जाडा नही व्हता रे." मग जवळ येऊन, "आन् चांद्या कोठे गया?"

त्या दिवशी उत्तर द्यायला वेळ नव्हता. कानबाई म्हणजे रोट, देवीचा नैवेद्य, आणि रोट म्हणजे भाऊबंद. पुण्या-सुरतेला गेलेले सगळे चुलत त्या दिवशी घरात. जो येई तो आधी कानबाईला हात जोडी आणि मग कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघे. एक काका म्हणाले, "सरगमा जेवन चांगलं दिसस." पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी पुढ्यात असताना हा विनोद सगळ्यांना फारच मानवला. माय हसली नाही.

झालं होतं ते असं. माझा मॉनिटर 1920 बाय 1080 ठिपक्यांचा. गुणाकार केला तर 20 लाख 73 हजार 600. अपडेटनंतर कॉम्प्युटर त्यावर 1024 बाय 768 एवढंच चित्र पाठवत होता, म्हणजे 7 लाख 86 हजार 432. एकरात मोजायचं तर चाळीस गुंठ्यांपैकी पंधराच गुंठे पेरलेले आणि तेच ओढूनताणून एकरभर पसरलेले. त्यात जुना आकार चारास तीनचा, माझा पडदा सोळास नऊचा. चारास तीनच्या चौकटीत बसवताना आडव्या फोटोच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या, तिथे चांद्याचं तोंड गेलं. उरलेलं चित्र मॉनिटरने आडवं ताणलं, तिथे आबांना एक तृतीयांश अंग आलं. उंची तेवढीच.

रात्री पाहुणे गच्चीवर झोपायला गेल्यावर भाच्याला फोन लावला. तो नाशिकला असल्याच कामात असतो. "मामा, आधी केबल बघा," म्हणाला. मॉनिटर त्याच केबलमधून आपलं नाव आणि मापं कॉम्प्युटरला कळवतो म्हणे. पिन वाकलेली असली की निरोप पोचत नाही आणि कॉम्प्युटर अंदाजाने काहीतरी मोघम पाठवतो. केबल काढली, फुंकली, लावली. आबा तसेच गुबगुबीत.

मग सेटिंग. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग उघडायचं, रिझोल्यूशनची, म्हणजे ठिपक्यांच्या मापांची, यादी खाली ओढायची. यादी फिकट पडलेली, एकच आकडा, बदलायची सोय नाही. गंमत म्हणजे तिथल्या जुन्या चौकटी या आखूड पडद्यावर मावेनात. 'ओके'चं बटण खालच्या पट्टीमागे दडलेलं. ज्या दुखण्यासाठी दवाखान्यात आलो, त्याच दुखण्याने दवाखान्याचं दार लागेना. टॅब मोजत मोजत, न दिसणारं बटण एंटरने दाबलं एकदाचं.

एरवी रिझोल्यूशन बदललं की कॉम्प्युटर एक छान गोष्ट विचारतो: हे असंच ठेवू का? आणि पंधरा सेकंद मोजतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर सगळं होतं तसं परत. नव्या मापात पडदा काळाच पडला तर माणूस 'नको' तरी कसं सांगणार, म्हणून ही सोय. ज्याने ती काढली तो कुणी समजूतदार असावा. चांद्याला आबांनी दुष्काळाच्या साली चाऱ्यापायी बाजारात नेलं. तिथे कासरा दुसऱ्याच्या हातात गेला की पंधरा सेकंद कोण मोजतं? माय त्यानंतर आठ दिवस आबांशी बोलली नव्हती. भाकरी ताटात टाकायची आणि तोंड फिरवायची.

असो. भाच्याने मग डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. डिस्प्ले अडॅप्टरखाली माझ्या ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्यासाठी चित्र तयार करणाऱ्या भागाचं, नाव हवं, तिथे नुसतं 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. हा बदलीवर आलेला गुरुजी. वर्ग सांभाळतो, हजेरी घेतो, पण गणित शिकवायचं म्हटलं की फळा पुसत बसतो. अपडेटने जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, काढला होता आणि नवा बसवलाच नव्हता. आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं 'रोल बॅक' नावाचं बटण असतं, तेही फिकट.

"कार्डाचा नेमका मॉडेल नंबर बघा आणि बनवणाऱ्याच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. भलतीकडून काही उतरवू नका," भाच्याने बजावलं आणि तो झोपला. मी मात्र कपाटात जुनं बिल शोधत बसलो. विप्रोची सुरुवात याच अमळनेरात झाली, 1945 साली. तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची आणि पुढे कॉम्प्युटरकडे वळली. त्या गावात राहून मी रात्री साडेअकराला टॉर्च तोंडात धरून कॅबिनेटवरचं स्टिकर वाचत होतो.

सोमवारी सकाळी वाजतगाजत बोरी नदीवर कानबाईला निरोप दिला, पाहुणे पांगले, आणि मी ड्रायव्हर बसवायला घेतला. मध्येच पडदा काळा झाला. एक, दोन, तीन... पोटात गोळा. मग लख्ख उजेड, चिन्हं बारीक, अक्षरं मुंगीएवढी, आणि मधोमध आबा, होते तसे, गळ्याची हाडं मोजता येतील असे.

एक मात्र झालं. त्या पंधरा गुंठ्यांच्या दोन दिवसांत मायला घड्याळाचे आकडे चष्म्याविना वाचता येत होते. खूप जण मोठं दिसावं म्हणून मुद्दाम रिझोल्यूशन उतरवतात आणि सगळं धुरकट करून घेतात. सपाट मॉनिटरचे ठिपके कायमचे मोजलेले असतात, त्याला त्याचं स्वतःचंच माप मानवतं. अक्षरं वाढवायची तर शेजारचं 'स्केल' वाढवावं. मी ते सव्वाशे टक्के केलं आणि मायला हाक मारली, "माय, बघ, आबा बरे झाले."

ती पदराला हात पुसत आली. आबांकडे तिने पाहिलंही नाही. पडद्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं, काचेवर पिठाचा ठिपका उमटला.

"उना का रे हाऊ!"