टायटॅनियम टिकते ते कशाच्या जोरावर?

माझी बरीचशी नोकरी रासायनिक कारखान्यांतील गंजाचा माग काढण्यात गेली. त्यामुळे नवे अभियंते भेटले की एक प्रश्न हमखास येतो: टायटॅनियम मुळीच गंजत नाही, तर खर्चाची तयारी असल्यास सगळेच पाइप आणि व्हेसल (रसायनांची बंद पात्रे) त्याचे का करू नयेत? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या प्रश्नात टायटॅनियमला सोन्याच्या पंगतीला बसवलेले असते, आणि घोटाळा तिथेच आहे. सोने स्वभावतःच उदासीन असते, तर टायटॅनियम अत्यंत क्रियाशील आहे. धातू किती सहज अभिक्रिया करेल हे त्याच्या प्रमाण विद्युत विभवावरून कळते: ते जितके अधिक उणे, तितका धातू क्रियाशील. लोखंडाचे हे विभव उणे 0.44 व्होल्ट, जस्ताचे उणे 0.76 आणि टायटॅनियमचे उणे 1.63 आहे, म्हणजे नुसत्या धातूचा विचार केला तर तो जस्ताच्याही आधी संपायला हवा. तो संपत नाही, कारण हवा किंवा पाणी लागताक्षणी त्याच्या पृष्ठभागावर मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडचे, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे पटल तयार होते. हे पटल धातूला घट्ट धरून असते, समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडलाही दाद देत नाही, आणि ओरखडा पडला तर काही मिलिसेकंदांत पुन्हा धरते. सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या, विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूवरही प्रामुख्याने टायटॅनियमच्याच ऑक्साइडचे पटल असते.

मात्र ओरखडा भरून येण्यासाठी ऑक्सिजन कुठून तरी मिळावा लागतो, आणि बऱ्याचदा तो पाण्याच्या रेणूंतून येतो. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात हे अगदी स्पष्ट दिसते. तिथे मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन करतात, आणि त्या सेलमधून निघणारा क्लोरीन गरम आणि ओला असतो. हा ओला क्लोरीन साध्या पोलादाला खाऊन टाकतो, म्हणून तो थंड करणारे कूलर टायटॅनियमचे असतात आणि वर्षानुवर्षे उत्तम चालतात. पुढे संहत सल्फ्युरिक आम्लाच्या टॉवरमध्ये हाच वायू कोरडा केला जातो, आणि टॉवरच्या पलीकडे साधे कार्बन स्टील चालते. तिथे टायटॅनियम बसवणे हा शुद्ध आत्मघात ठरेल. कोरड्या क्लोरीनमध्ये पटल एकदा फुटले की ते पुन्हा धरत नाही, उघड्या धातूचे टायटॅनियम टेट्राक्लोराइड होऊ लागते, आणि अभिक्रियेची उष्णता इतकी असते की धातू पेट घेऊ शकतो. संरक्षणासाठी वायूत साधारण एक टक्का पाणी असावे लागते, आणि तापमान व प्रवाह यांनुसार हा आकडा बदलतो. जास्त पैसे मोजून घेतलेला धातू अधिक सुरक्षित, हा हिशेब इथे साफ उलटतो.

मिथेनॉलचे प्रकरण याच जातीचे आहे. 1966 मध्ये अपोलो यानाच्या टायटॅनियम मिश्रधातूच्या टाकीची दाब-चाचणी खऱ्या इंधनाऐवजी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या मिथेनॉलने घेतली गेली, आणि ताणाखालील क्षरणाने, म्हणजे ताण आणि रासायनिक मारा एकत्र आल्याने, तडे जाऊन टाकी फुटली. पाणी जवळजवळ नसलेले मिथेनॉल ताणाखालील मिश्रधातूला तडे पाडते. त्यात थोडे पाणी मिसळले की तो धोका टळतो. सुरक्षित म्हणून निवडलेल्या द्रवाने असा दगा द्यावा, याचे मला आजही नवल वाटते.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल फार लिहायला नको: ते पटलच विरघळवते, आणि आम्लधर्मी द्रवात फ्लुओराइडचे थोडे अंशही घातक ठरतात. गरम, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही पटल टिकत नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त फसवते ती फ्लँजमधल्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कडांमधल्या, गॅस्केटखालची (गळती रोखणाऱ्या चकतीखालची) फट. बाहेर मिठाचे गरम पाणी वाहत असताना फटीतला ऑक्सिजन खर्च होतो, आतला द्रव आम्लधर्मी होत जातो, आणि साधारण 70 अंश सेल्सियसच्या वर शुद्ध टायटॅनियम तिथे पोखरले जाऊ शकते, तेही फ्लँज उघडेपर्यंत कुणाच्या लक्षात न येता. यावर उपाय म्हणून 0.12 ते 0.25 टक्के पॅलेडियम हा मौल्यवान धातू घातलेली टायटॅनियमची श्रेणी वापरतात. पॅलेडियममुळे पृष्ठभागावर हायड्रोजन सुटणे सोपे होते, धातूचे विभव वर सरकते आणि पटल स्थिर राहील अशा पट्ट्यात येते. पॅलेडियमचा भाव पाहता सगळी लाइन त्या श्रेणीची करायला कुणी तयार होत नाही, आणि तशी गरजही नसते; फ्लँजच्या तोंडावर त्याच मिश्रधातूचा वेल्डने थर चढवला तरी बहुतेक ठिकाणी काम भागते.